चेन धुवायची, पण कशाने?

खंडेनवमीला घरातली सायकल अंगणात येते. ओल्या फडक्याने पुसली जाते, हँडलला झेंडूचा हार चढतो, मडगार्डवर हळद-कुंकवाची बोटं उमटतात. चाकांच्या रिमाही चकचकीत होतात. चेन मात्र तशीच, काळीकुट्ट! तिला हात लावायचं म्हटलं की सगळे मागे सरतात. एकदा का तो काळा मळ बोटांना लागला की दोन-दोन दिवस नखांतून निघत नाही. मग ‘बाबा बघतील’, ‘दादा करेल’ नाहीतर ‘दुकानात ओव्हरऑइलिंगला टाकू’ असं म्हणत विषय पुढे ढकलला जातो.

खरं तर हा विषय पुढे ढकलण्याइतका किरकोळ नाही. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून गावाकडच्या कितीतरी शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. बिहारने तर २००६ सालापासूनच शाळकरी मुलींसाठी सायकल योजना राबवली. शाळा दूर आहे म्हणून घरी बसणारी मुलगी सायकलमुळे शाळेत जाऊ लागली. पण तीच सायकल पावसाळ्यात चेन गंजून करकरायला लागली, चढावर चेन उतरायला लागली, की आठवड्यातून एखादा दिवस शाळा बुडते. शहरात व्यायामासाठी गिअरची सायकल घेणाऱ्या मैत्रिणींचं दुखणं वेगळं. त्यांच्या सायकलीची चेन आणि मागची दातेरी चक्रं बदलायची वेळ आली की बिल बघून डोळे पांढरे होतात. दोघींच्याही दुखण्यावर पहिला उपाय एकच. चेन वेळेवर साफ करणं.

आता प्रश्न येतो, साफ करायची कशाने? कुणी म्हणतं रॉकेल, कुणी पेट्रोल, कुणी भांड्यांचा साबण. सायकलच्या दुकानात गेलं तर ‘डिग्रीझर’ नावाच्या रंगीबेरंगी बाटल्या समोर येतात. जितकं जहाल तितकं चांगलं, असा आपला एक समज असतो. चेनच्या बाबतीत तो उलटा आहे. मळ निघेल एवढंच, पण कमीत कमी जहाल असं जे असेल, तेच योग्य. कारण ती बाटली नुसती चेनवर रिकामी होत नाही. ती आपल्या घरात राहते, आपल्या हातांना लागते आणि शेवटी आपल्याच मोरीतून वाहून जाते.

हा मळ असतो तरी काय?

चेनची एक कडी नीट बघा. दोन बाजूंना पट्ट्या, मधे एक बारीक खिळा आणि त्या खिळ्याभोवती फिरणारी छोटी गुंडी. तेलाची खरी गरज असते ती आतमध्ये, खिळा आणि गुंडी जिथे एकमेकांवर घासतात तिथे. बाहेरच्या पट्ट्यांवर तेल असून फारसा उपयोग नाही. उलट त्या तेलावर रस्त्यावरची धूळ बसते, ती तेलात कालवली जाते आणि झिजलेल्या लोखंडाचा चुरा त्यात मिसळून काळी पेस्ट तयार होते. ही पेस्ट वंगण नसते, कानस असते! आपण पायडल मारतो तेव्हा ती प्रत्येक कडीला आतून घासत असते.

त्यात आपली एक सवय भर घालते. चेन करकरली की स्वयंपाकघरातलं गोडंतेल नाहीतर खोबरेल तेल ओतायचं. कढईच्या काठावर जुन्या तेलाचा जो चिकट तपकिरी थर बसतो, तो आठवतोय? खाद्यतेल हवेत राहिलं की तसंच चिकट होतं. खोबरेल तेल तर थंडीत थिजतं. म्हणून खायचं तेल चेनला नकोच. घरात दुसरं काही नसेल तर शिलाई मशीनचं तेल वेळेला चालतं. ते पातळ असल्यामुळे लवकर उडून जातं आणि पुन्हापुन्हा घालावं लागतं, एवढंच.

फणसाचा चीक आणि तुपाचं पातेलं

तेलकट मळ काढायच्या दोन रीती आहेत आणि त्या दोन्ही आपल्याला चांगल्या ठाऊक आहेत.

फणस चिरताना आपण आधी हाताला तेल चोळतो. फणसाचा चीक पाण्याला दाद देत नाही, तेलाने मात्र सुटतो. तेलकट-चिकट गोष्ट तेलासारख्याच पातळ द्रवात विरघळते, ही झाली पहिली रीत. रॉकेल, डिझेल, पेट्रोल, टर्पेंटाइन हे सगळे याच रीतीने काम करतात.

तुपाचं पातेलं मात्र आपण गरम पाणी आणि साबणाने घासतो. साबण तुपाचे बारीक कण सुटे करून त्यांना पाण्यात तरंगत ठेवतो आणि मग ते पाण्याबरोबर निघून जातात. ही दुसरी रीत. भांड्यांचं लिक्विड आणि पाण्यात मिसळून वापरायचे डिग्रीझर या गटातले.

पहिल्या रीतीने जुना, घट्ट मळ झटकन सुटतो, पण आग, वास आणि विषारीपणा सोबत येतो. दुसरी रीत सावकाश चालते, जरा जास्त घासावं लागतं आणि नंतर चेन कोरडी करावी लागते. पण ती घराला मानवते. हे एवढं कळलं की दुकानदाराच्या कुठल्याही बाटलीला आपण घाबरत नाही.

एकेकाची ओळख करून घेऊ

भांड्यांचं लिक्विड : दर महिना-दीड महिन्याने चेन साफ करणारीला एवढं पुरेसं आहे. कोमट पाण्यात थोडं लिक्विड, जुना टूथब्रश आणि अर्धा तास. वडी किंवा पावडर मात्र घेऊ नका. भांडी घासायची म्हणून त्यात खरखरीत पूड मिसळलेली असते, ती कड्यांच्या आत जाऊन बसते.

रॉकेल : सायकलच्या दुकानांतला हा वर्षानुवर्षांचा जुना उपाय. मळ चांगला काढतं, वर पातळ तेलकट थर मागे ठेवतं, त्यामुळे चेन लगेच गंजत नाही. पण घरोघरी गॅस आल्यावर रेशनचं रॉकेल बहुतेक घरांतून हद्दपार झालं आणि ते झालं ते बरंच झालं. ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द एके काळी वर्तमानपत्रांत किती वेळा वाचले असतील आपण! साधारण ३५-४० अंशांच्या पुढे रॉकेलची वाफ पेट घेण्याजोगी होऊ लागते. आपल्या विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ वर जातो, हे लक्षात घ्या. रॉकेल वापरायचंच असेल तर उघड्यावर, सावलीत, वाटीभरच आणि हातात रबरी मोजे घालून. डिझेलचंही तेच, वर त्याचा वास चार दिवस जात नाही.

पेट्रोल : घरात नाही म्हणजे नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेटू शकते, म्हणजे आपल्याकडे ते बाराही महिने भडकायला तयार. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते. बाल्कनीत चेन धुताय आणि आत देवघरात निरांजन लागलंय, बाथरूममध्ये चेन धुताय आणि शेजारी गॅस गिझर आहे, एवढंही पुरतं. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझिन असतं आणि ते कॅन्सरला कारण ठरतं. ‘गाडीतून जरासं काढून देतो’ म्हणणाऱ्याला स्पष्ट नकार द्या.

थिनर, टर्पेंटाइन : रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन हे रॉकेलच्याच कुटुंबातलं, तेव्हा काळजीही तीच. थिनर मात्र सायकलचा रंग आणि प्लॅस्टिकचे भाग दोन्ही खराब करतं. नकोच.

स्प्रेचे डबे : घाईच्या वेळी सोयीचे, पण त्यातलं द्रव्य आणि दाबाखालचा वायू बहुधा ज्वालाग्राही असतो. बंद जागेत फवारू नका. प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० याच प्रकारातलं. १९५३ साली अमेरिकेत ते तयार झालं. नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थ पाणी हटवणारं आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं! मूळ डब्ल्यूडी-४० ने मळ सैल होतो, ओलावा जातो. पण ते मारलं म्हणजे तेल घातलं असं समजू नका. ते पुसून चेनचं तेल घालावंच लागतं.

संत्र्याच्या सालीचे डिग्रीझर : संत्र्याची साल मेणबत्तीजवळ दाबली की चटचट ठिणग्या उडतात, हा खेळ आपण सगळ्यांनी केलाय. त्या सालीतलं तेल म्हणजेच लिमोनिन. ते वंगण उत्तम विरघळवतं, वासही छान. पण ठिणग्या उडतात म्हणजे तेही पेटतंच, आणि काहींच्या त्वचेला त्याची अ‍ॅलर्जी होते. ‘नैसर्गिक’ लिहिलंय म्हणून मोजे न घालता हात बुडवू नका. पाण्यात मिसळून मिळणारा प्रकार घरासाठी जास्त सुरक्षित.

आणि ज्यांना चेनजवळ फिरकूही द्यायचं नाही : टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड, व्हिनेगर, लिंबू, चिंच, गंज काढायची औषधं, कॉस्टिक सोडा, नाल्या मोकळ्या करायची पावडर, चिमणीचं जहाल क्लीनर. पितळ चिंचेने उजळतं म्हणून चेनही उजळेल, असं वाटणं साहजिक आहे. पण चेनचं पोलाद कडक केलेलं असतं. अ‍ॅसिडने ते वरून स्वच्छ दिसतं आणि आतून ठिसूळ होतं. मग भर रस्त्यात, उभं राहून पायडल मारताना चेन तुटते. कॉस्टिक तर अ‍ॅल्युमिनियमला खातं, आणि गिअरच्या सायकलीत अ‍ॅल्युमिनियमचे भाग भरपूर. सोड्याच्या पाण्यात उकळलेलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं कसं काळं पडतं, ते आठवा. गिअर बनवणारी जपानची शिमानो कंपनीही आपल्या माहितीपत्रकांत हेच बजावते, आम्ल नको, अल्कली नको, सौम्य साबण वापरा.

बाटली कुठे ठेवणार?

मैत्रिणींनो, या लेखातलं सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. रॉकेल, टर्पेंटाइन किंवा कुठलंही डिग्रीझर पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. उरलेलं वाया जायला नको म्हणून आपण हाताला लागेल ती बाटली घेतो, न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवतो. दोन-तीन वर्षांचं, तहानलेलं पोर येतं आणि पाणी समजून तोंडाला लावतं. आपल्या देशात लहान मुलांच्या विषबाधेत रॉकेल हे फार जुनं आणि नेहमीचं कारण आहे.

असं कधी घडलंच, तर मुलाला उलटी करायला लावू नका. मीठपाणी नको, घशात बोट घालणं नको, दूध पाजणंही नको. हे द्रव पोटापेक्षा फुप्फुसात शिरलं तर जास्त घातक, आणि उलटीबरोबर ते नेमकं तिथेच जाण्याची भीती असते. कपड्यांवर सांडलं असेल तर कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि मूल वरवर बरं दिसत असलं तरी ताबडतोब दवाखाना गाठा. ती बाटली सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना काय पोटात गेलंय ते कळेल.

म्हणून डिग्रीझर मूळ बाटलीतच, मूळ लेबलसकट, उंचावर आणि कुलपात ठेवावं. घरात रांगतं मूल असेल तर सरळ भांड्यांच्या लिक्विडवर भागवा. चेन थोडी कमी चकाकली तर काही बिघडत नाही. आणि तेही लिक्विड लेकराच्या हाती लागणार नाही असंच ठेवा.

लेबल वाचायची सवय

साडी घेताना पदर उलटून बघतो, तशी बाटलीही उलटून बघा. आगीचं चिन्ह आहे का? ‘पाण्याने धुवा’ लिहिलंय का? अ‍ॅल्युमिनियम, रबर आणि रंगाला चालतं असं म्हटलंय का? किती पट पाणी घालायचं ते दिलंय का? निसर्गात विघटन होणारं असं लिहिलेलं दिसलं की आपल्याला बरं वाटतं. पण विघटन होतं ते बाटलीतल्या क्लीनरचं. चेनवरून निघालेलं वंगण आणि लोखंडाचा चुरा तसाच राहतो. त्यामुळे ते काळं पाणी तुळशीत किंवा झाडांच्या आळ्यात ओतायचं नाही.

आता कामाला लागू

ओढणी-पदर खोचा, केस बांधा, बांगड्या काढून ठेवा. सायकल स्टँडवर लावा, खाली जुनं वर्तमानपत्र पसरा. सगळ्यात आधी कोरडा ब्रश. वाळलेला चिखल आणि माती झटकून टाकली की निम्मं काम होतं. कोकणातली लाल माती असो की मराठवाड्यातली काळी, ती आधी ओली केली तर तिचा पुन्हा चिखल होतो.

मग लिक्विड किंवा डिग्रीझर ब्रशवर घ्या, थेट चेनवर ओतू नका. चेनचा खालचा भाग हाताशी घ्या आणि पायडल हळूहळू उलटं फिरवत एकेक कडी चारही बाजूंनी घासा. दातेरी चाकाजवळ बोट किंवा फडकं नेऊन पायडल फिरवू नका. फडकं दातांत गेलं की बोटही जातं. मुलं मदतीला असतील तर पायडल एकाच्याच हातात, आणि तीच व्यक्ती घासणार, असा नियम करा.

द्रव पाच मिनिटं राहू द्या, वाळू मात्र देऊ नका. मागच्या फ्रीव्हीलच्या दातांमधला मळ जुन्या कापडाच्या चिंधीने, दातांत दोरा फिरवावा तसा काढा. फ्रीव्हीलच्या आत, चाकाच्या मधोमध आणि पायडलच्या एक्सलमध्ये छर्रे आणि ग्रीस असतं. तिथे डिग्रीझर शिरलं की ग्रीस धुऊन जातं आणि शंभर रुपयांचं काम हजारावर जातं. तेव्हा तिथे फवारा नको, पाण्याचा जोरदार पाइपही नको. बादली आणि मग बरा. रिमवर किंवा डिस्कब्रेकवर तेलाचा थेंबही उडू देऊ नका. ब्रेक लागणार नाही!

स्वच्छ पाण्याने धुतल्यावर चेन फडक्याने पुसा आणि उन्हात वाळू द्या. कड्यांच्या आत पाणी राहिलं तर रात्रीत गंज चढतो. पूर्ण वाळल्यावरच तेल. चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक गुंडीवर एक थेंब. शंभरेक कड्या असतात, तेव्हा जपमाळ ओढल्यासारखं शांतपणे करा. पाच-दहा मिनिटं पायडल फिरवून तेल आत मुरू द्या आणि मग बाहेरचं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून टाका. हे पुसणं फार महत्त्वाचं. बाहेर तेल कमी, तर धूळ कमी, आणि धूळ कमी तर पुढच्या वेळी डिग्रीझरही कमी.

साध्या, बिनगिअरच्या सायकलीची चेन काढून धुवायची असेल तर तिच्यात एक माशाच्या आकाराची क्लिप सापडेल. परत बसवताना माशाचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पुढे जाते त्या दिशेला हवं. उलटी बसली तर ती निसटू शकते.

काळं पाणी आणि काळे हात

रॉकेल वापरलं असेल तर ते झाकणाच्या डब्यात रात्रभर राहू द्या, डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहून आणि उंचावर. मळ तळाशी बसतो, वरचं निवळ रॉकेल पुढच्या वेळी वापरता येतं. खालचा गाळ कागदात टिपून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्या. ओळखीच्या गॅरेजमध्ये जळकं ऑइल जमा करत असतील तर तिथेही विचारता येईल. रॉकेलच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका आणि वॉशिंग मशीनमध्ये तर मुळीच नको. बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

हातांसाठी आपला फणसाचाच धडा. आधी थोडं गोडंतेल आणि चमचाभर साखर चोळा, मळ सुटला की साबणाने धुवा. मगच पोळ्या लाटायला घ्या! सलवारीला किंवा शाळेच्या गणवेशाला चेनचा डाग लागला तर लगेच पाण्यात बुचकळू नका. कोरड्या डागावरच भांड्यांचं लिक्विड चोळा, दहा मिनिटं ठेवा आणि मग कोमट पाण्याने धुवा.

चेन संपली कधी समजायचं?

कितीही धुतली तरी चेन झिजतेच, आणि झिजली की लांबते. स्टीलची फूटपट्टी घ्या, शिवणकामाची टेप नको, ती ताणली जाते. चेनच्या एका खिळ्याच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनमध्ये त्यापुढचा चोविसावा खिळा बरोबर १२ इंचांवर येतो. तो दीड मिलिमीटर पुढे सरकलेला दिसला तर नवी चेन घ्या. तीन मिलिमीटर सरकला असेल तर दातेरी चक्रंही गेलेली असण्याची शक्यता मोठी. आता दुकानदाराने ‘ताई, सगळा सेटच बदलावा लागेल’ म्हटलं, तर ‘थांबा, आधी मोजू या’ म्हणायला आपण मोकळ्या!

पावसाळ्यात दर भिजल्यावर पुसून तेल, एरवी पंधरवड्याला कोरडा ब्रश आणि महिन्या-दीड महिन्याने साबणपाणी. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत त्याहून थोडं लवकर. एवढं केलंत तर जहाल बाटलीची गरज वर्षातून एखाद्या वेळीच पडेल. आणि हे काम करताना घरातल्या शाळकरी मुलीला शेजारी बसवा. पोळी लाटायला शिकवतो तसं तिला चेन साफ करायलाही शिकवू या. शाळेच्या वाटेवर चेन उतरली, तर ती रस्त्याच्या कडेला कुणाची वाट बघत उभी राहणार नाही. चेन चढवेल, हात पुसेल आणि पहिल्या तासाला वर्गात असेल.